बिऱ्हाड हलवणारे संघ

गारगोटीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. शाहू स्टेडियमवर चुरशीचा सामना असला की आमच्या भुदरगड तालुक्यातली पोरे दुपारच्या एसटीने निघतात. 'कुणाचे रे तुम्ही?' विचारले तर कुणी पाटाकडील म्हणते, कुणी शिवाजी तरुण मंडळ, कुणी बालगोपाल. ज्याचा मामा ज्या पेठेत, त्याचा तो संघ. निवडीचा प्रश्नच येत नाही.

म्हणूनच एफसी पुणे सिटीचे काय झाले, हे या पोरांना समजावताना माझी पंचाईत होते. इंडियन सुपर लीगमधला हा संघ २०१४ सालचा. बालेवाडीत घरचे सामने, हृतिक रोशन सहमालक, नारिंगी जर्सी घालून ओरडणारे प्रेक्षक. २०१७-१८ मध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २०१९ मध्ये पैशाची अडचण आली आणि संघ बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. प्रशिक्षक फिल ब्राऊन गेले, मार्सेलिन्होसारखे खेळाडू गेले. मागे राहिले ते प्रेक्षक.

हैदराबादने २०२२ मध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात त्या संघात होता, म्हणून आम्हीही टाळ्या वाजवल्या. ही जागा मुळात पुण्याची, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, माझ्याही. पुढे २०२५ मध्ये हाच संघ नाव बदलून दिल्लीला गेला. गंमत म्हणजे दिल्लीचा आपला डायनामोज २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेला होता!

मालकाने तोटा किती वर्षे सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या तालमींचेही सारे सोवळे नाही. मैदानातली हाणामारी आम्ही पाहिली आहे, आणि थेट आफ्रिकेतले खेळाडूही पैसे मोजून आणले जातात. पण तालीम जागेवर असते. संघ हरला तर शिव्या कुणाच्या दारात जाऊन द्यायच्या, ते ठाऊक असते.

संघ हलवू द्यावा, पण फुकटात नव्हे, एवढेच माझे म्हणणे. अमेरिकेत १९९६ साली क्लीव्हलंडचा ब्राउन्स हा संघ बाल्टिमोरला गेला, तेव्हा शहराने कोर्टात धाव घेतली आणि तडजोडीत संघाचे नाव, रंग व विक्रम गावातच ठेवून घेतले. १९९९ मध्ये त्याच नावाने तिथे नवा संघ उभा राहिला. आपल्या लीगने असा नियम का करू नये? आणि नावापेक्षा महत्त्वाची अकादमीतली मुले. त्यांच्या दोन-तीन वर्षांच्या सोयीचे पैसे मालकाकडून आधीच ठेव म्हणून घ्यावेत. तेरा वर्षांचा मुलगा शाळा सोडवून परगावी ठेवायचा, तर तालुक्याच्या गावातले घर काय काय मोडते, हे मालकांच्या बैठकीत कोण सांगणार?

परवा स्टँडवर ओळखीच्या एका बापाने विचारले, "सर, पोराला पुण्याच्या अकादमीत धाडू काय?"

मी म्हणालो, "धाड. पण मालक कोण हाय, ते आधी बघून ये."