ट्रॉफी आली म्हणून संघ वाचत नाही

ओकलंड बॉलर्स या बेसबॉल संघाने सप्टेंबर २०२५मध्ये पायोनियर लीग जिंकली. अंतिम फेरीत आयडाहो फॉल्सच्या चकर्सकडून पहिले दोन सामने हरले, मग लागोपाठ तीन जिंकून करंडक खेचून आणला. शहराच्या वाट्याला बेसबॉलचं विजेतेपद आलं ते थेट १९८९नंतर. हा लेख मात्र अभिनंदनाचा नाही. बे एरियातल्या मराठी मंडळींनो, संघ जिंकतोय म्हणजे त्याचं सगळं झकास चाललंय, असं समजून घरी बसू नका.

याच शहरातल्या अ‍ॅथलेटिक्सने मेजर लीगची, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या बेसबॉलची, वर्ल्ड सीरिज चार वेळा जिंकली होती. नव्या स्टेडियमचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं आणि शेवटी मालकांनी लास वेगासची वाट धरली. २६ सप्टेंबर २०२४ला त्यांच्या कोलिसियम मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला ४६ हजारांवर लोक आले. निरोपाला सगळेच येतात. त्याआधी बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते, फुटबॉलचे रेडर्स लास वेगासला. पाच-सहा वर्षांत तीन मोठे संघ उठून गेले.

या पडझडीत पॉल फ्रीडमन आणि ब्रायन कारमेल यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये बॉलर्सची घोषणा केली आणि जून २०२४मध्ये वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कवर संघ उतरलाही. ही जागा डोळसपणे बघायला हवी. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एर्नी रायमोंडी या स्थानिक बेसबॉलपटूचं नाव मैदानाला आहे. फ्रँक रॉबिन्सन, वेडा पिन्सन, कर्ट फ्लड हे तिघे नामांकित बेसबॉलपटूही याच भागातल्या मॅकक्लिमंड्स हायस्कूलचे विद्यार्थी. मैदानापासून हाकेच्या अंतरावर १९१२चं सोळाव्या रस्त्यावरचं रेल्वे स्टेशन ओसाड उभं आहे. १९८९च्या भूकंपात त्याची दुर्दशा झाली. त्याच भूकंपाने अ‍ॅथलेटिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स यांच्यातली वर्ल्ड सीरिज दहा दिवस थांबवली होती आणि याच वस्तीतला दुमजली सायप्रेस मार्ग कोसळला होता. अशा वस्तीत गवत नव्याने लावून, तात्पुरती आसनं मांडून या लोकांनी बेसबॉल परत आणला.

बॉलर्स हा ‘स्वतंत्र’ संघ आहे. ‘स्वतंत्र’ म्हटलं की ऐकायला छान वाटतं. व्यवहारात याचा अर्थ असा, की डोक्यावर कुणाचं छत्र नाही. मेजर लीगशी संलग्न छोट्या संघाच्या खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे पगार वरचा संघ देतो. स्वतंत्र संघाला ते स्वतःच द्यावे लागतात. तिकिटं, टोप्या, हॉटडॉग आणि कुंपणावरच्या जाहिराती यांतूनच सगळं भागवायचं. पायोनियर लीग १९३९पासूनची, तीही आधी संलग्नच होती. मेजर लीगने संलग्न संघांची संख्या १६०वरून १२०वर आणली, तेव्हा २०२१च्या हंगामापासून तिला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागलं.

असे संघ बुडतात कसे, हे बघायला लांब जायची गरज नाही. सोनोमा, सॅन राफेल, व्हॅलेहो ही आपल्या शेजारची गावं पॅसिफिक असोसिएशन या स्वतंत्र लीगमध्ये खेळायची. २०१६मध्ये सोनोमा स्टॉम्पर्सने केल्सी व्हिटमोर या मुलीला करारबद्ध केलं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. २०२०मध्ये कोविडमुळे हंगाम रद्द झाला आणि ती लीग पुन्हा कधी उभीच राहिली नाही. केल्सी पुढे २०२४मध्ये बॉलर्सकडून खेळली. तिचा पहिला संघ ज्या लीगमध्ये होता, ती लीग गेल्याची हळहळ मात्र आपल्यापैकी कितीजणांना वाटली?

बॉलर्सचं वेगळेपण असं, की २०२४मध्ये त्यांनी चाहत्यांनाच भागीदार करून घेतलं. दोन हजारांहून जास्त लोकांनी मिळून १२ लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले. आपल्याकडची सहकाराची परंपरा माहीत असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भागधारकांचा धाक हवाच. २०२५मध्ये एका सामन्यात संघाने डावपेचांचे निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवले, तेव्हा चाहते चिडले. माझ्या मते चिडले ते बरंच झालं. ज्या संघावर हक्काने रागावता येतं, तोच आपला.

आता मुद्द्याचं. भागीदारीचे पैसे एकदाच येतात, तिकिटाचे प्रत्येक सामन्याला. मंगळवारच्या रिकाम्या बाकांनी संघ जितका खचतो, तितका पराभवाने खचत नाही. म्हणून शनिवारपेक्षा मधल्या वारी या. महाराष्ट्र मंडळांनी उन्हाळ्याच्या सहलीसाठी एखादी संध्याकाळ रायमोंडीला द्यावी आणि तिकिटं घाऊक घ्यावीत. ज्यांचं दुकान, दवाखाना किंवा उपाहारगृह आहे, त्यांनी कुंपणावरच्या पाटीचा भाव विचारावा. खेळ कळत नाही ही सबब चालणार नाही. नऊ डावांनंतर बरोबरी झाली तर इथे होमरनची चुरस लावून निकाल काढतात, आणि ते क्रिकेटवर वाढलेल्या आजोबांनाही पहिल्या मिनिटात कळतं.

फ्रीमाँट आणि डब्लिन, दोन्हीकडून बार्ट थेट वेस्ट ओकलंडला येते. हंगाम मेपासून सप्टेंबरपर्यंत. खाडीवरचा वारा संध्याकाळी झोंबतो, तेव्हा स्वेटर घ्या, आणि मुलांच्या हातात ग्लोव्ह द्या, कारण फाउल बॉल आसनांपर्यंत येतात.