इंजिनांचा कायाकल्प

वृद्ध च्यवन ऋषींस अश्विनीकुमारांनीं पुन्हा तारुण्य दिलें, ही कथा आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांसही ठाऊक असते. ऋषि तेच, काया मात्र नवी! लोखंडी यंत्रासही असा कायाकल्प लाभूं शकतो. अमेरिकेंतील चेसापीक अँड ओहायो रेल्वेच्या इतिहासांत त्याचें बोधप्रद उदाहरण आहे.

या रेल्वेनें उतारूंच्या गाड्यांकरितां १९२६ सालीं ४९० ते ४९४ या क्रमांकांचीं पांच इंजिनें घेतलीं. पुढें चार लहान, मध्यें सहा मोठीं व मागें दोन अशी त्यांच्या चाकांची मांडणी होती. वीस वर्षांच्या सेवेनंतर, १९४६-४७ मध्यें, हंटिंग्टन येथील कंपनीच्याच कारखान्यांत त्यांची पुनर्रचना झाली. मागें दोनांच्या जागीं चार चाकें आलीं, म्हणजे वाढलेला भार अधिक आंसांवर वांटला गेला. आंसांना रोलर बेअरिंगें बसविल्यानें घर्षण उणें झालें. पूर्वीं वाफ आंत घेणें व बाहेर सोडणें हीं दोन्हीं कामें एकच सरकती झडप करीत असे. आतां मोटारीच्या इंजिनांतल्याप्रमाणें त्यांकरितां निरनिराळ्या झडपा आल्या. चार इंजिनांना पिवळ्या रंगाचें व चकचकीत पोलादाचें डौलदार आवरण चढविलें. ४९४ मात्र उघडेंच राहिलें.

हा सारा खटाटोप कशाकरितां? कंपनीचे सूत्रधार रॉबर्ट यंग यांना वॉशिंग्टन ते सिनसिनाटी अशी 'चेसी' नांवाची दिमाखदार गाडी सुरू करावयाची होती. तिचे डबे मागविले गेले, वाफेच्या टर्बाइनचीं तीन प्रचंड इंजिनेंही आलीं. पण उतारूंचा ओघ आटूं लागला आणि १९४८ त तो बेतच सोडून द्यावा लागला. नवरदेवास सजवावें आणि लग्नच मोडावें, तसें झालें! हीं पांच इंजिनें इतर गाड्या ओढीत राहिलीं. पण डिझेलचें युग आलें होतें. थोड्याच वर्षांत त्यांना निवृत्त केलें गेलें. त्यांपैकीं ४९० बाल्टिमोरच्या रेल्वे-संग्रहालयांत आहे.

आमच्या घरोघरीं वडीलमंडळी 'जुनें तें सोनें' म्हणतात, तरुण मंडळी 'जुनें तें अडगळ' म्हणतात, आणि वाद पेटतो. आम्हांस वाटतें, दोघांनींही या इंजिनांकडे पाहावें. जुन्या सांगाड्यांत बळ होतें, कारागिरांच्या हातांत कसब होतें. त्या दोहोंनीं आपलें काम चोख केलें. चूक झाली ती पुढच्या काळाच्या अंदाजांत. म्हणून जीर्णोद्धार करतांना, मग तो वाड्याचा असो वा एखाद्या रीतीचा, दोन प्रश्न विचारावे: मूळ वस्तूंत जीव आहे काय? आणि जिच्यासाठीं ती दुरुस्त करावयाची, ती गरज उद्यां उरणार आहे काय? पहिल्याचें उत्तर वडील देऊं शकतील. दुसऱ्यासाठीं मात्र त्यांनीं मुलांना जवळ बसवून घ्यावें.