कात्री लावण्यापूर्वी

मैत्रिणींनो, आईची एखादी जुनी रेशमी साडी तुम्हीही कपाटाच्या तळाशी जपून ठेवली असेल. नेसावी तर घडीवर विरते, टाकावी तर जीव होत नाही. मग मनात येतं, काहीतरी शिवून घेऊ या. इथेच जरा थांबा. मी थांबले नव्हते, म्हणून सांगते.

आई गेली तेव्हा तिच्या दोन रेशमी साड्या आम्हां दोघी बहिणींसाठी राहिल्या. त्यातली एक मी हौसेने शिवायला दिली. चित्र दाखवून अंगाबरोबर बसणारा, गोल गळ्याचा ड्रेस करून घेतला. दोन वर्षं मिरवला. मग माझं अंग भरलं आणि ड्रेस काही चढेना. उसवून पाहिला तर हाती आल्या तिरक्यावाकड्या चिंध्या! धाकटी तेव्हा काही बोलली नाही. पण दुसऱ्या, चिंतामणी रंगाच्या साडीचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, “ताई, हिला तरी कात्री लावू नकोस.” शिंप्याचा दोष नव्हता. मीच तसं बेतायला सांगितलं होतं.

पुढे शाळेत मुलींना जपानची माहिती सांगायची होती, म्हणून वाचत बसले आणि किमोनोपाशी अडकले. किमोनोचं कापड अरुंद असतं. पन्हा साधारण 14 इंच, लांबी सुमारे 12 मीटर. एवढ्या एका ताग्यातून सगळे तुकडे सरळ रेषेत कापतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या दोन पट्ट्या आणि गळपट्टी. मुंढ्याचा गोल नाही, म्हणून चिंधी नाही. जास्तीचं कापड कापून न टाकता आत दुमडून ठेवतात. पूर्वी किमोनो नीट धुवायचा तर सगळा उसवत. तुकडे पुन्हा जोडून लांब पट्टा करत, धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. लहान मुलींच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेला टक घालतात, मूल वाढलं की ते सोडतात. आपण परकराला घालतो तसेच की!

1854 नंतर जपानची बंदरं परदेशी व्यापाराला खुली होऊ लागली आणि या वस्तूंचं युरोपला वेड लागलं. मोने या चित्रकाराने 1876 साली आपल्या पत्नीचं किमोनोतलं मोठं चित्र काढलं. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसचे पॉल प्वारे किमोनोच्या धर्तीवर सैल कोट शिवू लागले. कमर आवळणाऱ्या कॉर्सेटला सुट्टी देणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. जपानच्याच इस्से मियाके यांनी (1938-2022) तर कापडाचा एक सलग तुकडा आणि माणसाचं अंग यांचाच विचार आयुष्यभर केला.

आपल्या शिवणवर्गातही ‘किमोनो बाही’ शिकवतात, ती अंगाबरोबर अखंड कापलेली. गंमत म्हणजे खऱ्या किमोनोची बाही वेगळ्या सरळ तुकड्याची असते! नाव आलं, मर्म तिथेच राहिलं. फुलांची, पक्ष्यांची नक्षी उचलणं सोपं. घ्यायचं ते हे सरळ बेतणं.

किमोनोवर घालायचा, पुढून मोकळा डगला असतो, त्याला हाओरी म्हणतात. तशा धर्तीचं जाकीट आपल्या साडीतून सहज होतं. साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग वगळा, पदर अखंड ठेवा. चांगला भाग सव्वादोन वार हवा. प्रथम कडेने काठाची 4 इंच रुंद, 72 इंच लांब पट्टी काढा. मग अंगासाठी 14 इंच रुंद, 62 इंच लांब असे दोन पट्टे आणि बाह्यांसाठी 18 बाय 16 इंचांचे दोन तुकडे. अंगाचे पट्टे खांद्यावरून मागेपुढे सोडायचे, पाठीच्या मध्यावर जोडायचे, पुढे मोकळे ठेवायचे. गळ्यासाठी खांद्याच्या घडीवर मध्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंचांचा आडवा छेद द्या आणि तिथून पुढच्या कडा तिरक्या आत दुमडा. कापून काढू नका. बाह्यांची 18 इंचांची बाजू दुमडून खांद्याला जोडा, मग कुशीची शिवण घाला. शेवटी काठाची पट्टी गळ्याभोवती आणि पुढच्या कडांना लावा. जुनं रेशीम ताण सोसत नाही, म्हणून आतून मलमलीचं अस्तर हवंच. अस्तर आधी पाण्यातून काढून घ्या. शिवण हाताने, लांब धावदोऱ्याची घाला, म्हणजे पुढे उसवताना कापड फाटणार नाही.

हे सगळं मी आधी जुन्या चादरीवर करून पाहिलं. मग ती चादर धाकटीसमोर उसवून दाखवली. सगळे तुकडे सरळच्या सरळ! तेव्हा कुठे तिने साडी पुढे केली. कात्री मात्र तिनेच धरली, मी नुसती खडूने रेघ मारली.

आता मी अंगाने भरलेली, ती काडीसारखी, आणि जाकीट दोघींनाही होतं. दिवाळीला तिच्याकडे, संक्रांतीला माझ्याकडे. पदर तिच्या कपाटात आहे. उद्या आमच्या मुलींना जाकीट नको झालं, तर उसवून त्यांना हवं ते करता येईल.

शिवणीत जादा कापड सोडतो, त्याला आपण ‘माया’ म्हणतो. पहिल्या साडीच्या वेळी मी तीच सोडायला विसरले होते. तुम्ही विसरू नका. आणि हो, आधी जुन्या चादरीवर बेतून बघा.