पहिला घोट कुणाचा?

मैत्रिणींनो, दारूच्या गुत्त्यांवर मोर्चे नेलेली मी वाइनबद्दल लिहिते आहे, याचं काहींना नवल वाटेल. पण मला बोलायचंय ते चवीबद्दल. चव ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा आपलाच प्रश्न आहे.

फ्रान्समध्ये ल्यों शहरात भाचीकडे मी दोन महिने राहिले. रोजचा स्वयंपाक ती करायची, बाटली मात्र नवरा निवडायचा. हॉटेलात वेटर पहिला घोट त्याच्याच पेल्यात ओतायचा. त्याने मान डोलावली की मग आम्हाला. कालवणातलं मीठ, आंबट, तिखट रोज जिभेवर तोलणारी बाई इथे मात्र ‘मला त्यातलं कळत नाही’ म्हणून गप्प!

एका रविवारी मी म्हटलं, आज आपण दोघी ठरवू. कोपऱ्यावरच्या दुकानातून आठ-दहा युरोंच्या आतल्या दोन लाल वाइन आणल्या. एक बोजोले, ल्योंच्या उत्तरेच्या टेकड्यांवरची, गामे द्राक्षाची. दुसरी दक्षिणेकडची कोत-द्यु-रोन, ग्रेनाश आणि सिरा द्राक्षांची. भाचीने मसूर आणि सॉसेज शिजवलं, दुसऱ्या भांड्यात बीफचा दाट रस्सा.

बोजोले थोडी गार करून घेतली. हलकी, आंबटसर, मसुराबरोबर छान लागली. कोत-द्यु-रोनचा नुसता घोट घेतला तर जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढली. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतल्या, बियांतल्या टॅनिनचा. मसुराबरोबर तो खटकला, पण मांसाच्या रश्शाबरोबर मऊ झाला. भाची म्हणाली, “मावशी, यात न कळण्यासारखं काय आहे?” काहीच नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे आधीच येत असतं, तिला कुणी विचारत नाही एवढंच.

उंची काय आणि हलकं काय, हेही सत्ताच ठरवते. याच गामेच्या वेली उपटून टाका, असं फर्मान बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने १३९५ साली काढलं होतं. आणि १९६५ च्या कायद्यापर्यंत फ्रान्समधल्या विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत स्वतःचं खातं उघडता येत नव्हतं. जिच्या हाती स्वतःचे पैसे नाहीत, तिच्या आवडीला कोण विचारणार?

तुम्हीही प्या, असं मी मुळीच म्हणत नाही. वाइन ही दारूच आहे. थोड्या दारूनेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे आपण एकमेकींना सांगितलंच पाहिजे. न पिण्याचा निर्णयही आपलाच असावा, ‘बायकांना शोभत नाही’ म्हणून लादलेला नसावा.

परतण्याआधी आम्ही पुन्हा हॉटेलात गेलो. वेटर बाटली घेऊन आला तेव्हा भाचीने आपला पेला पुढे केला. जावई जरा चपापले, मग हसले. गोष्ट लहानच आहे. पण आपल्या घरी ताटात काय पडावं हे कुणाच्या जिभेवर ठरतं, आणि रांधणारीची आवड शेवटची कुणी, कधी विचारली होती?