‘जपून आंघोळ करा’ पुरे झालं, आता नळ दुरुस्त करा

शॉवरचं पाणी अचानक कढत आलं, आजी दचकून मागे सरकल्या आणि पडल्या. असं काही घडलं की घरचे लगेच म्हणतात, "वय झालंय हो, तोल राहत नाही." माझा या वाक्याला स्पष्ट आक्षेप आहे. तोल वयामुळे कमी होतो हे खरं, पण त्या क्षणी तो घालवला तुमच्या घरातल्या पाइपांनी. वय कमी करता येत नाही. पाइप मात्र बदलता येतात.

आधी हे घडतं कसं ते समजून घ्या. तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतींत बहुधा लोखंडी जी.आय. पाइप असतात. गंज आणि क्षार साचून ते आतून अरुंद होतात. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या त्याच एका लाइनवर शॉवर, फ्लश, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन सगळं चालतं. कुणी फ्लश केला की टाकी भरण्यासाठी थंड पाणी तिकडे वळतं आणि शॉवरमध्ये गरम पाण्याचा वाटा एकदम वाढतो. सोलर असेल तर गरम पाण्याची लाइन वेगळी असते, तिचा दाब कमी होत नाही, म्हणून चटका जास्त बसतो. शिवाय सोलरच्या लांब पाइपात आधी गार पाणीच साचलेलं असतं. माणूस वैतागून गरम नळ पूर्ण सोडतो आणि मग टाकीतलं खरं गरम पाणी अंगावर येतं.

आता शरीराकडे वळू. ६० अंश सेल्सिअसचं पाणी अवघ्या ५ सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकतं. ४९ अंशांना त्यासाठी काही मिनिटं लागतात. कडक उन्हाच्या दिवसांत सोलरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांच्या वर सहज जातं. वयस्कर माणसाची त्वचा पातळ असते, त्यामुळे तिला त्याहूनही कमी वेळ पुरतो. जुन्या मधुमेहात पायांच्या संवेदना कमी झालेल्या असतात, तेव्हा चटका कळतो उशिरा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील तर खूप गरम पाण्याने रक्तवाहिन्या आणखी रुंदावून चक्कर येऊ शकते. उलट पाणी एकदम गार झालं तर रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, श्वास अडकल्यासारखा होतो. ओल्या, साबण सांडलेल्या फरशीवर नुसतं दचकणंही पडायला पुरेसं असतं.

आणि यावर आपला उपाय काय? "आई आंघोळीला गेलीय, कुणी फ्लश करू नका!" अशी हाक. पाहुणे आले, नातू विसरला, मशीन आपोआप सुरू झालं की हा उपाय संपला. बाथरूमच्या टाइल्सवर लाखभर रुपये घालणारी कुटुंबं त्याच टाइल्समागे गंजलेला पाइप तसाच ठेवतात, याला मी काटकसर म्हणणार नाही.

करायचं काय ते क्रमाने सांगतो.

पहिलं, आजच करता येईल असं. फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक थोडा बंद करा. टाकी सावकाश भरेल आणि शॉवरच्या पाण्याची ओढाताण कमी होईल.

दुसरं, थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा. दाब बदलला तरी तो ठरवलेलं तापमान राखतो आणि थंड पाणी बंद पडलं तर गरमही अडवतो. तो ४० अंशांच्या आसपास ठेवा. वरच्या मजल्यावर टाकी जवळ असल्याने दाब कमी असतो, म्हणून कमी दाबावर चालणारा आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा. बोअरच्या जड पाण्याने त्यात क्षार साचतात, तेव्हा तो वरचेवर साफ करून घ्या.

तिसरं, बाथरूमला टाकीपासून स्वतंत्र थंड लाइन घ्या आणि जुने पाइप बदला. हे एकट्याच्या हातात नसेल तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आधी हा विषय मांडा.

हे होईपर्यंत शॉवर नको. स्टुलावर बसून बादलीने आंघोळ करावी. बादलीत आधी गार, मग गरम पाणी घालावं. मधुमेही व्यक्तीने पाय घालून पाणी तपासू नये, घरातल्या दुसऱ्याने कोपराने तपासावं.

तरीही भाजलंच, तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड आले, भाजलेला भाग मोठा असला किंवा रुग्ण मधुमेही असला तर डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी एक परीक्षा घ्या. शॉवर कोमट करून बाजूला उभे राहा आणि कुणाला तरी फ्लश करायला, स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगा. लांबून वाफ दिसली किंवा बोटाच्या टोकाला फरक जाणवला, तर सोमवारी प्लंबरला बोलवा. आईवडिलांना सूचना देण्याआधी हे काम करा.