सॉफ्टवेअरचाही बॅच नंबर हवा

औषधाची एखादी बॅच निकृष्ट निघाली, की ती वापरू नये असे पत्र येते. मूलसारख्या तालुक्याच्या गावातही औषधनिर्माण अधिकारी साठा नोंदवही उघडतो, बॅच नंबर पाहतो आणि तेवढी खोकी बाजूला काढतो. नोंद असते म्हणून हे जमते. हीच शिस्त आता रुग्णालयांच्या संगणकांनाही हवी.

मोठ्या सर्व्हरवर बहुधा लिनक्स असते. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियन लिनक्सवरच बेतलेली आहे. अशी प्रणाली शेकडो लहान ‘पॅकेज’ची बनते आणि त्यांतली कित्येक जगभरातले लोक बिनमोबदला सांभाळतात. फाइलींचा आकार कमी करणारे ‘एक्सझेड’ हे त्यांपैकीच एक. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने दोनेक वर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या कुणीतरी तो बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिले आणि प्रकार उघड झाला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोहोचला नव्हता. चाचणीच्या आवृत्तीत मात्र शिरला होता.

यातून काय घ्यायचे? पॅकेज शक्यतो प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच आणि स्थिर आवृत्तीचेच घ्यावे. तिथे डिजिटल सहीची तपासणी होते, दोष निघाल्यास दुरुस्तीही नेहमीच्या अपडेटमधून येते. बाहेरून आणून हाताने बसवलेल्या पॅकेजला हे संरक्षण नसते. बसवणाऱ्याची बदली झाली, की ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पण एक्सझेड अधिकृत वाटेनेच आले होते. म्हणजे सही पुरेशी नाही, यादीही हवी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या यासाठीच.

संगणक बंद पडल्यावर काय होते, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सने अनुभवले. तिथल्या सायबर हल्ल्याचे कारण वेगळे होते, पण ओपीडीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. धानाच्या हंगामात रात्री सर्पदंशाचा रुग्ण येतो, तेव्हा जुन्या नोंदींसाठी थांबायला वेळ नसतो.

म्हणून प्रत्येक रुग्णालयाने एक साधी नोंद ठेवावी: पॅकेजचे नाव, आवृत्ती, कुठून आणले, कुणी व कधी बसवले. आणि कोरे केसपेपर मात्र कपाटात असू द्यावेत.