लडाखचा पाटकरी



आपल्या वरोऱ्याला लांबच्या वाटा नव्या नाहीत. आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी १९८५ साली तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ सायकलयात्रा काढली. त्यापुढे माझ्या मोटारसायकलच्या फेऱ्या त्या काय! पण लेहची फेरी तुम्हाला सांगण्याजोगी आहे.

खारदुंगला खिंडीत हवा इतकी विरळ, की माणसासारखी गाडीलाही धाप लागते. पुढे गाडी ठेवून डोंगरातली गावे पायी पाहिली. त्या मुलखात वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. तरी पायऱ्यापायऱ्यांच्या वावरांत जव डोलत होता. पाणी येते ते वरचे बर्फ वितळून. अनेक गावांत गावकरी आपल्यातल्याच एकाला ‘चुरपोन’ नेमतात. तो त्यांचा पाटकरीच समजा. कोणाच्या वावराला केव्हा पाणी द्यायचे, हे तो ठरवतो आणि पाळी मोडणाऱ्याला दंड करतो.

आपल्या जिल्ह्यात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी भर पावसाळ्यात वीस दिवस उघाड पडली, की सोयाबीन माना टाकते. कारण पडलेले पाणी आपण वावरात थांबू देत नाही.

तेव्हा पेरणी उताराला आडवी करा. सोयाबीनच्या दर चार ओळींनंतर एक सरी काढा. पाणी मुरेल, जास्तीचे निघून जाईल. फुटलेले धुरे पावसाआधी बांधून घ्या, तेही शेजाऱ्याला सोबत घेऊन. वाहते पाणी सातबारा पाहत नाही.